दृष्टीची साधना

सौंदर्य पाहावयाचे तर दूर कोठेतरी गेले पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. हिमालयाची बर्फाच्छादित शिखरे, कोकणचा सागरकिनारा, सह्याद्रीतील धबधबे यांची चित्रे घरोघरी भिंतींवर लावलेली दिसतात. दिनदर्शिकांची पानेही त्यांनीच सजलेली असतात. ज्या गावाजवळ समुद्र नाही, उत्तुंग पर्वत नाही, घनदाट अरण्यही नाही, त्या गावच्या मुलाला मग वाटू लागते की, निसर्गाने आपल्याला काहीच दिले नाही. जालना जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातल्या मुलाच्या मनात हा विचार सहज येऊ शकेल. तो विचार कितपत खरा आहे, हे पाहण्यासारखे आहे.

जालना जिल्हा मराठवाड्याच्या पठारावर वसलेला आहे. १ मे १९८१ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या उत्तरेस, भोकरदन आणि जाफराबाद या तालुक्यांकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेतील टेकड्या आहेत. दक्षिणेस अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते. पूर्णा, दुधना, कुंडलिका या नद्या या भूमीतून वाहतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील तप्त लाव्हा पुनःपुन्हा वर आला आणि थरावर थर साचून थिजला. त्याचाच पुढे काळा पाषाण झाला. तो पाषाण ऊन, वारा आणि पाऊस यांनी झिजला आणि त्यातून कापसाला मानवणारी काळी माती तयार झाली. या भागात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एखाद्या वर्षी तोही दगा देतो. वैशाखात येथून जाणाऱ्या वाटसरूला भेगाळलेली शेते, काटेरी बाभळी आणि दूरवर पसरलेले माळ एवढेच दिसते. "हा मुलूख ओसाड आहे," असे म्हणून तो पुढे निघून जातो.

परंतु याच मुलखाने एक थोर संतकवी महाराष्ट्राला दिला. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई या दांपत्याच्या पोटी १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी, नारायण नावाचा मुलगा जन्मास आला. हेच पुढे समर्थ रामदास म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांच्या जन्मगावाला आज जांब समर्थ असे म्हणतात. बाल नारायणाची एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. एकदा तो दिवसभर कोणाला दिसेना. शोधता शोधता आईला तो घरातील एका अंधाऱ्या कोपऱ्यात शांतपणे बसलेला आढळला. "येथे काय करतोस?" असे तिने विचारताच, आपण विश्वाची काळजी वाहत आहोत, असे त्याने उत्तर दिले. आख्यायिकेतील शब्दांना इतिहासाचा पुरावा नसेलही. पण एकांतात स्थिर बसून अवघ्या विश्वाकडे पाहण्याची जी वृत्ती तिच्यात दिसते, ती समर्थांच्या पुढील आयुष्यात स्पष्टपणे प्रकट झाली.

वयाच्या बाराव्या वर्षी नारायणाने घर सोडले. नाशिकजवळील टाकळी येथे, गोदावरी आणि नंदिनी यांच्या संगमाजवळ, त्याने बारा वर्षे तपश्चर्या केली. रोज पहाटे नदीच्या पात्रात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तो जप करीत असे, असे परंपरा सांगते. त्यानंतर बारा वर्षे समर्थांनी भारतभर पायी भ्रमण केले. नद्या, घाट, अरण्ये आणि तीर्थे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पुढे महाडजवळच्या शिवथरघळीत त्यांनी वास केला. तेथे पावसाळ्यात डोंगराच्या माथ्यावरून कोसळणाऱ्या प्रपाताचे जे वर्णन त्यांनी केले आहे, ते वाचताना पाण्याचा घनगंभीर आवाज कानी येऊ लागतो. 'दासबोध' हा त्यांचा मुख्य ग्रंथ. त्यात वीस दशक आणि दोनशे समास आहेत. त्याच्या सोळाव्या दशकात समर्थांनी सूर्य, पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांविषयी स्वतंत्र समास लिहिले आहेत. ईश्वराचे चिंतन करणाऱ्या ग्रंथात माती, पाणी आणि वारा यांना एवढे मानाचे स्थान का मिळाले असावे? कारण समर्थांच्या दृष्टीने ही सृष्टी निर्जीव वस्तूंचा ढीग नव्हती. ज्याने ती घडविली, त्याच्या सामर्थ्याची ती खूण होती. सपाट पठारावर जन्मलेल्या या मुलाने डोंगरदऱ्यांचे सौंदर्य जाणले, ते सृष्टीकडे पाहणारी दृष्टी त्याने कमावली होती म्हणून.

समर्थांचा काळ फार मागे राहिला. पण या भूमीतून कवितेला मिळणारी प्रेरणा अलीकडच्या काळातही आटलेली नाही. जालना जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे, अजिंठ्याच्या डोंगरांच्या परिसरात पळसखेड नावाचे गाव आहे. तेथे १९४२ साली एका शेतकरी कुटुंबात ना. धों. महानोर यांचा जन्म झाला. त्यांनी हातात नांगर धरला आणि लेखणीही धरली. शेतात राबताना जे दिसले, जे ऐकू आले, ज्याचा वास आला, ते सारे त्यांच्या कवितेत उतरले. 'रानातल्या कविता' हा त्यांचा संग्रह १९६७ साली प्रसिद्ध झाला आणि ज्वारीचे रान, आभाळातले ढग, पाखरे यांना मराठी कवितेत नव्याने घर मिळाले. महानोर पुढे विधान परिषदेचे सदस्य झाले. तेथेही ते शेती आणि पाणी यांविषयी तळमळीने बोलले. २०२३ साली ते निवर्तले. रानावर प्रेम करणारा कवी रानाच्या दुःखाविषयीही बोलतो, हे त्यांच्या जीवनावरून ध्यानात येते.

संत आणि कवी यांच्याप्रमाणेच सृष्टीचे ध्यान करणारा आणखी एक साधक आहे. तो म्हणजे निसर्गाची छायाचित्रे घेणारा छायाचित्रकार. त्याचे साधन लेखणी नसून प्रकाश होय.

छायाचित्रणाचे मूळ तत्त्व निसर्गातच आहे. भर दुपारी कडुनिंबाच्या दाट सावलीत उभे राहिले असता जमिनीवर उन्हाचे लहान लहान गोल ठिपके दिसतात. पानांमधील फटी वेड्यावाकड्या असतात. मग ठिपके गोल का? कारण त्यांतील प्रत्येक ठिपका ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी तेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. अंधाऱ्या खोलीच्या दारास बारीक छिद्र असेल, तर बाहेरच्या झाडांची व माणसांची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर उमटते, ती याच नियमाने. ही प्रतिमा माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु ती धरून ठेवण्याची युक्ती त्याला साधत नव्हती. फ्रान्समधील नीसेफोर निएप्स या संशोधकाने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारे दृश्य धातूच्या पत्र्यावर उमटविले. त्या एका चित्रासाठी प्रकाशाला कित्येक तास काम करावे लागले. कॅमेऱ्याने टिपलेले आणि आजवर टिकून राहिलेले ते सर्वांत जुने छायाचित्र मानले जाते. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि थोड्याच अवधीत ती भारतात पोहोचली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील आद्य भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत.

कॅमेरा हे केवळ यंत्र आहे. ते समोरचे दृश्य टिपते. पण कोणते दृश्य टिपावे, कोठे उभे राहावे आणि केव्हा कळ दाबावी, हे त्याला सांगता येत नाही. ते काम माणसाच्या मनाचे आहे. अमेरिकेतील विख्यात छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांच्या आयुष्यातील एक प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. १९२७ सालच्या एप्रिल महिन्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते योसेमिटी खोऱ्यातील 'हाफ डोम' नावाच्या प्रचंड कड्याचे चित्र घेण्यासाठी बर्फातून चढून गेले. त्या काळी काचेवर छायाचित्र घेत असत. जड कॅमेरा आणि काचा पाठीवर वाहून न्याव्या लागत. कड्यासमोर पोहोचेपर्यंत अॅडम्स यांच्याजवळ दोनच काचा उरल्या होत्या. पहिली काच त्यांनी पिवळे भिंग लावून वापरली. इतक्यात त्यांच्या मनात आले की, चित्र नीट येईल खरे, पण हा कडा पाहून मनाला जो भव्यतेचा अनुभव आला, तो काही त्यात उतरणार नाही. त्यांनी क्षणभर विचार केला, पिवळे भिंग काढून गडद तांबडे भिंग लावले आणि उरलेली एकमेव काच वापरली. तांबडे भिंग निळा प्रकाश अडविते. त्यामुळे निळे आकाश चित्रात जवळजवळ काळे उमटले आणि त्यापुढे तो शुभ्र कडा एखाद्या ध्यानस्थ मुनीसारखा उभा राहिला. ते चित्र पुढे जगप्रसिद्ध झाले. आधी चित्र मनात पाहावे आणि मग ते घ्यावे, हे सूत्र अॅडम्स यांनी जन्मभर पाळले.

अॅडम्स यांना उंच कडे लाभले होते. सपाट पठारावरील छायाचित्रकाराने काय करावे? त्याने प्रकाशाची वाट पाहावी. सकाळी व सायंकाळी सूर्य क्षितिजालगत असतो. तेव्हा त्याच्या किरणांना हवेच्या थरांतून लांबचा प्रवास करावा लागतो. या प्रवासात निळा प्रकाश वाटेतच विखुरला जातो आणि तांबूस-पिवळा प्रकाश तेवढा भूमीवर पोहोचतो. शिवाय तिरप्या उन्हात लहानशा ढेकळाचीही लांब सावली पडते. दुपारी सपाट दिसणारे शेत सकाळी पाहिले, तर नांगराचे प्रत्येक तास उठून दिसते. पायवाटेची वळणे, बांधावरचे गवत, बैलगाडीच्या चाकोऱ्या साऱ्यांना आकार येतो. दुपारी आलेल्या वाटसरूला जो माळ ओसाड वाटला, तोच माळ पहाटे उठणाऱ्याला आपले रूप उघडून दाखवितो.

माळाजवळ दुसरीही एक संपत्ती आहे. ती म्हणजे आकाश. डोंगरांच्या दाटीत आकाशाचा तुकडा दिसतो. जालन्याच्या पठारावर सारे आकाश दिसते. ज्येष्ठात नैर्ऋत्येकडून येणारे मेघ कोसभर दूर असतानाच नजरेस पडतात. त्यांच्या पोटातून लोंबणाऱ्या पावसाच्या करड्या धारा एका गावावर कोसळत असतात आणि शेजारच्या गावी ऊन असते. जाणता छायाचित्रकार अशा वेळी क्षितिजाची रेघ चित्रात अगदी खाली ठेवतो आणि वर मेघांना मोकळी जागा देतो. एवढ्या विशाल आकाशाखाली बैलजोडी घेऊन घरी परतणारा शेतकरी बोटाच्या पेराएवढा दिसतो. चित्र पाहणाऱ्याच्या मनातील अहंकार तेथे गळून पडतो. आपण या विश्वाचा एक लहानसा अंश आहोत, ही जाणीव जशी नम्र करते, तशीच ती आधारही देते. संतांनी शब्दांत सांगितलेली ही गोष्ट चित्र एका दृष्टिक्षेपात सांगून जाते.

फाल्गुनात पळस फुलतो. पान एकही नसते आणि अवघे झाड केशरी ज्योतींनी पेटल्यासारखे दिसते. बाभळीच्या काट्यांत पिवळ्या फुलांचे इवलेसे गोंडे असतात. कार्तिकात कापसाची बोंडे फुटली म्हणजे काळ्या मातीवर चांदणे सांडल्याचा भास होतो. हे सारे पाहावयास दूर जावे लागत नाही, पैसे पडत नाहीत. फक्त थांबावे लागते. एकाच झाडाकडे पहाटे, दुपारी आणि सायंकाळी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पाहणारा मनुष्य हळूहळू त्या झाडाचा मित्र होतो. साधना यापेक्षा वेगळी नसते.

मात्र सौंदर्याची साधना म्हणजे दुःखाकडे पाठ फिरविणे नव्हे. २०१२-१३ साली मराठवाड्यात भीषण अवर्षण पडले. मोसंबी हे जालना जिल्ह्याचे वैभव. पण त्या वर्षी विहिरी आटल्या आणि अनेक शेतकऱ्यांच्या मोसंबीच्या बागा उभ्या उभ्या वाळल्या. मोसंबीचे झाड लावल्यापासून चांगले फळ देऊ लागेपर्यंत काही वर्षे जातात. ज्यांना लेकरांप्रमाणे वाढविले, त्याच झाडांवर कुऱ्हाड चालविण्याची वेळ शेतकऱ्यांवर आली. पाने गळालेल्या त्या बागांची आणि कोरड्या विहिरींची छायाचित्रे वृत्तपत्रांतून सर्वत्र पोहोचली. ती चित्रे मनोहर नव्हती. परंतु ती खरी होती. खरे दाखविण्याचे धैर्य हा छायाचित्रकाराचा धर्म होय. नुसते देखणे तेवढेच जो टिपतो, त्याची भूमीशी ओळख अर्धीच राहते.

डोळे भरून पाहिलेल्या गोष्टीविषयी माणसाला माया वाटते आणि माया वाटली की, ती जपावी असे वाटते. अॅडम्स यांनी अमेरिकेतील किंग्ज कॅनियन या पर्वतीय प्रदेशाची छायाचित्रे घेतली. ती दाखवून त्यांनी राज्यकर्त्यांना त्या प्रदेशाच्या रक्षणासाठी विनविले. १९४० साली त्या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. या कार्यात त्यांच्या चित्रांचा मोठा उपयोग झाला. महानोरांची कविता आणि पाण्यासाठी त्यांनी केलेला आग्रह यांचा उगमही एकाच प्रेमात होता. ज्याने आपल्या गावची नदी श्रावणात दुथडी भरून वाहताना पाहिली आणि चैत्रात तिचे वाळूचे पात्रही पाहिले, तो पाण्याचा थेंब वाया जाऊ देणार नाही. ज्याने बांधावरच्या वृद्ध कडुनिंबाचे चित्र मनात जपले, त्याचा हात त्या झाडावर कुऱ्हाड उगारताना अडखळल्यावाचून राहणार नाही.

आज कॅमेरा फार सुलभ झाला आहे. हातातल्या मोबाईलने क्षणात शंभर छायाचित्रे घेता येतात. परंतु शंभर छायाचित्रे घेऊनही एक दृश्य नीट पाहिलेले नसावे, असेही घडते. अॅडम्स यांच्याजवळ शेवटची एकच काच होती, म्हणून ते थांबले आणि विचार करून पाहू लागले. विपुलतेतही ज्याला असे थांबता येते, त्यालाच ही कला प्रसन्न होते. ज्याच्याजवळ कॅमेरा नाही, त्यानेही खंत करण्याचे कारण नाही. समर्थांजवळ कॅमेरा नव्हता, महानोरांचा कॅमेरा त्यांची कविता होती. डोळे, मन आणि धीर ही तीन साधने प्रत्येकाला जन्मतःच मिळालेली आहेत.

समर्थांविषयी आणखी एक आख्यायिका आहे. पुत्राच्या वियोगाने रडून रडून राणूबाईंची दृष्टी गेली होती. चोवीस वर्षांनी समर्थ जांबेस परतले, त्यांनी आईच्या डोळ्यांवरून हात फिरविला आणि तिला पुन्हा दिसू लागले, असे भाविक सांगतात. ही कथा श्रद्धेची आहे. पण थोर माणसे आपल्याला दृष्टी देतात, एवढा अर्थ तिच्यातून कोणालाही घेता येईल. संताच्या ग्रंथाने, कवीच्या शब्दांनी आणि छायाचित्रकाराच्या चित्राने झाकलेले डोळे उघडतात. मग जालन्याचा उघडा माळ उघडा राहत नाही. त्यावर पहाटेचा प्रकाश पडलेला असतो आणि तो पाहणारे कोणीतरी तेथे उभे असते.

स्वाध्याय

१. जालन्याचा माळ वाटसरूला ओसाड का वाटतो? पहाटे उठणाऱ्याला तो वेगळा का दिसतो? कारणे लिहा.

२. 'दासबोधा'च्या सोळाव्या दशकात समर्थांनी कोणकोणत्या गोष्टींविषयी लिहिले आहे? त्यावरून त्यांची सृष्टीकडे पाहण्याची दृष्टी कशी दिसते?

३. अॅन्सेल अॅडम्स यांनी शेवटची काच वापरण्यापूर्वी भिंग का बदलले? त्याचा चित्रावर काय परिणाम झाला?

४. 'खरे दाखविण्याचे धैर्य हा छायाचित्रकाराचा धर्म होय.' हे विधान पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.

५. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत वापरा : पाठ फिरविणे, दगा देणे, डोळे भरून पाहणे, दुथडी भरून वाहणे.

६. उपक्रम : आपल्या घराजवळचे एक झाड निवडा. सात दिवस सकाळी व सायंकाळी त्याच्याकडे काही वेळ स्थिरपणे पाहा. प्रकाश, सावली, पाने व पाखरे यांत रोज काय बदल दिसला, त्याची वहीत नोंद करा आणि सातव्या दिवशी त्या झाडावर दहा ओळी लिहा.